किरकोळ व्यापारातील तंत्रविद्या व कौशल्ये : मावळ–लोणावळा परिसर

वस्तू अंतिम उपभोक्त्यास थोड्या थोड्या प्रमाणात विकण्याच्या व्यवसायास किरकोळ व्यापार म्हणतात. या व्यवसायातील कामाचे स्वरूप वाहतूक, वजने-मापे, हिशेब, वेष्टन आणि पैसे चुकते करण्याची साधने यांवर अवलंबून असते. ही साधने बदलली की दुकानात कोणते काम करावयाचे, ते कोणी करावयाचे आणि त्यासाठी काय शिकावयाचे, हेही बदलते. पुणे जिल्ह्याच्या वायव्य भागातील मावळ तालुका हा या बदलाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचा प्रदेश आहे. बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळ्याची बाजारपेठ प्रवाशांवर, तर वडगाव, कामशेत यांसारख्या पेठा आंदर, नाणे व पवन मावळांतील भातशेतकऱ्यांवर पोसल्या गेल्या. त्यामुळे अनोळखी गिऱ्हाईक आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक अशा दोन्ही प्रकारच्या व्यापारावर नव्या साधनांचा परिणाम येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळतो. २०११ च्या जनगणनेनुसार लोणावळा व तळेगाव दाभाडे या तालुक्यातील दोन नगरपरिषदांची लोकसंख्या प्रत्येकी छप्पन्न-सत्तावन्न हजारांच्या घरात होती.

या भागातून जाणारा व्यापारी मार्ग प्राचीन आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून देशावर येणारा माल बोरघाटाच्या परिसरातून चढत असे व कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी याच मार्गाच्या आश्रयाने वाढली. कार्ल्याच्या कोरीव लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याच्याबरोबरच धेनुकाकट येथील एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. किरकोळ विक्रेत्याचा धंद्याच्या नावासह झालेला हा या परिसरातील अतिप्राचीन उल्लेखांपैकी एक होय. त्यानंतरच्या दीर्घ काळात घाटातील वाहतूक मुख्यतः वंजाऱ्यांच्या लमाण बैलांवर चाले. १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेण्यासाठी घाट सुधारून घेतला आणि १८३० मध्ये, माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, तो गाड्यांसाठी खुला झाला. बैलाच्या पाठीवरून येणारे मीठ गाडीतून येऊ लागले, तरी दुकानदाराच्या कामात त्यामुळे मोठा फरक पडल्याचे दिसत नाही. तो फरक लोहमार्गाने पाडला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा–पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. परंतु घाटाचा भाग पूर्ण होण्यास १८६३ साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत प्रवाशांना खोपोली व खंडाळा यांच्या दरम्यानचा चढ पालखीने, तट्टावरून किंवा पायी पार करावा लागे. घाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. एवढ्या माणसांच्या मुक्कामामुळे या डोंगराळ भागात प्रथमच रोख पैशाने रोजची खरेदी करणारा मोठा समूह निर्माण झाला. लोणावळ्याच्या चिक्कीचा उगम याच मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीत शोधला जातो. ही आख्यायिका समकालीन कागदपत्रांपेक्षा दुकानांच्या परंपरेवर अधिक विसंबलेली आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. चिक्कीचा व्यापार फोफावला तो मजूर गेल्यावर, प्रवाशांमुळे. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट एवढा तीव्र असल्याने गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागत व ती लोणावळ्यास सोडविली जात. गाडीच्या या सक्तीच्या थांब्याने विक्रेत्याला मोजकी मिनिटे मिळत. एवढ्या अवधीत खिडकीतून माल देणे, पैसे घेणे, मोड परत करणे आणि पुढच्या खिडकीकडे धावणे, हे स्वतंत्र कसब होते. त्यासाठी माल आधीच ठराविक आकाराच्या पुड्यांत बांधलेला व भाव पूर्णांकात ठरविलेला असावा लागे. बांधीव माल व ठाम किंमत या आधुनिक किरकोळ विक्रीच्या दोन खुणा आहेत. फलाटावरील फेरीवाल्याने त्या पेठेतील दुकानदाराच्या कितीतरी आधी गरजेपोटी स्वीकारलेल्या दिसतात.

मोजमाप व हिशेब : पेठेतील दुकानाचे चित्र वेगळे होते. मावळातील मुख्य पीक भात. तांदूळ व इतर धान्ये वजनाने न विकता मापाने विकली जात. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली अशी ही चढती श्रेणी होती. माप भरताना शीग लावावयाची की माप हाताने सपाट करावयाचे, धान्य उंचावरून ओतावयाचे की अलगद सोडावयाचे, यावर एका पायलीत मूठभर धान्याचा फरक पडे. धान्य घेताना व देताना हा हात वेगवेगळा चाले, अशी शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे व ती निराधार नव्हती. माप भरणे हे अशा रीतीने कौशल्यही होते आणि सत्ताही. गूळ, साखर, मसाले मात्र तागडीने जोखले जात. तागडीची दांडी स्थिर होण्यापूर्वीच पारड्यातील मालाचा अंदाज घेणे, हे दुकानात नव्याने राहिलेल्या पोऱ्याला प्रथम शिकावे लागे.

हिशेबाचे कसब याहून अवघड होते. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा किंवा बारा पैंचा आणा, शिवाय शेर-छटाकांचे अपूर्णांक. अशा स्थितीत सव्वा रुपया शेराच्या वस्तूची पावणेतीन शेरांची किंमत गिऱ्हाईक समोर उभे असताना सांगावयाची, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे तोंडपाठ असणे अनिवार्य होते. गावठी शाळांमध्ये या पाढ्यांवर जो भर दिला जाई, त्याचे मुख्य कारण बाजार हेच होय. दिवसाची देवघेव रोजकीर्दीत मांडून नंतर प्रत्येक आसामीच्या नावे खतावणीत चढविली जाई. या वह्या मोडी लिपीत, तर बाहेरून आलेल्या गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांच्या वह्या त्यांच्या लिपींत असत. गिऱ्हाइकाला बहुधा दोन्ही वाचता येत नसत. वही वाचता न येणाऱ्या ऋणकोची स्थिती किती असह्य होऊ शकते, हे १८७५ मध्ये याच जिल्ह्यातील सुपे येथे दिसून आले. तेथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या रोखे व दस्तऐवजांवर होता आणि ठिकठिकाणी ते हिसकावून जाळण्यात आले. दुकानदारी व सावकारी त्या काळी एकाच गादीवरून चालत असल्यामुळे हिशेबाच्या वहीचा इतिहास किरकोळ व्यापाराच्या इतिहासातून वेगळा काढता येत नाही.

ही कौशल्ये शिकविणारी शाळा म्हणजे दुकान. बारा-चौदा वर्षांचा मुलगा झाडलोट व पुडे बांधण्यापासून सुरुवात करी. कागदाचा शंकू करून त्यात साखर भरणे, वर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून पुड्याला चौफेर वेढे देणे आणि तो बोटाला झटका देऊन तोडणे, यात त्याचे पहिले वर्ष जाई. नंतर तागडी, मग मालाची पारख, मग वसुलीसाठी गावोगाव फिरणे आणि शेवटी वही. वहीपर्यंत पोहोचला तो गुमास्ता. विश्वासू गुमास्त्याला धनी पुष्कळदा नात्यातला किंवा जातीतला म्हणून भागीदार करून घेई, किंवा लहानसे दुकान घालण्यास माल उधार देई. हा जिना सर्वांना खुला नव्हता. मावळातील कुणबी, महादेव कोळी, ठाकर किंवा कातकरी मुलाला पेठेतील गादीपर्यंत जाण्याची संधी क्वचितच मिळे. तथापि जिना अस्तित्वात होता आणि त्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक कौशल्य होते, ही गोष्ट पुढील बदल समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

यांपैकी अंकगणिताची पायरी कायद्याने काढून घेतली. मुंबई प्रांतात १९३२ च्या अधिनियमाने ऐंशी तोळ्यांचा शेर प्रमाण ठरविण्यात आला होता; परंतु खरी उलथापालथ स्वातंत्र्यानंतर झाली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आणि १९५६ च्या वजने व मापे अधिनियमानुसार ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने प्रचारात आली. १ एप्रिल १९६२ पासून किलोग्रॅम देशभर सक्तीचा झाला. शेर ९३३ ग्रॅ.चा व आणा सव्वासहा नव्या पैशांचा असल्यामुळे संक्रमणकाळात प्रत्येक भाव नव्याने बसवावा लागला. या काळात दुकानदारांनी भाव चढे बसविल्याच्या तक्रारी सर्वत्र झाल्या, त्याचे मूळ या अडचणीच्या अपूर्णांकांत होते. नंतर मात्र हिशेब इतका सुलभ झाला, की पावकी-दिडकीचे पाढे शिकलेल्या माणसाचे बाजारातील मोल एका पिढीत ओसरले. मोडी वहीची पीछेहाटही याच सुमारास झाली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा लाभच होता. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याला आपल्या सामानाची रक्कम स्वतः पडताळता येऊ लागली. मापाऐवजी वजन आल्याने शिगेचा वादही मिटला. नोकरीच्या दृष्टीने पाहता गुमास्त्याला इतरांहून वेगळे ठरविणारे एक अंग त्याच वेळी गळून पडले. शब्द मात्र टिकले : ‘पावशेर’ या नावाने आजही पाव किलो मागितला जातो.

वेष्टन व पारख : किरकोळ विक्रीतील दुसरे मोठे स्थित्यंतर बंद पाकिटाने घडविले. येथे लोणावळ्याच्या चिक्कीचे उदाहरण बोधक आहे. चिक्कीचा गुण पाकावर ठरतो. पाक कच्चा राहिला तर चिक्की दाताला चिकटते, जास्त झाला तर कडवट होते. पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन टचकन मोडतो की नाही, हे पाहून कारागीर कढई उतरवी. साखरेच्या पाकाच्या बाबतीत ही अवस्था सुमारे १५०° से.ला येते. त्यानंतर मिश्रण निवण्यापूर्वी काही क्षणांत ते तूप लावलेल्या फळीवर पातळ लाटून कापावे लागे. तापमापक, यांत्रिक भट्टी, लाटण्याची व कापण्याची यंत्रे यांनी हे कसब अंशतः आपल्याकडे घेतले. चिक्कीचा मोठा शत्रू मात्र दमट हवा. लोणावळ्यात वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळा हाच येथील पर्यटनाचा ऐन हंगाम. ज्या महिन्यांत गिऱ्हाईक सर्वाधिक, त्याच महिन्यांत उघड्यावरची चिक्की पाझरते. म्हणून घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे, लहान घाणे आणि दिवसाचा खप आधी ओळखण्याची दुकानदाराची नजर यांवर पूर्वी हा धंदा तगून होता. उष्णतेने जोडबंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटाने ही अडचण दूर केली. चिक्की आठवडेच्या आठवडे टिकू लागली, महामार्गावरील दुकानांत व परगावी जाऊ लागली आणि ‘आज किती घाणे काढावेत’ हे ठरविणाऱ्या अनुभवी माणसाची गरज त्या प्रमाणात कमी झाली.

पाकिटाबरोबर त्यावरील मजकूर आला. १९७६ च्या अधिनियमाखालील १९७७ च्या नियमांनी आवेष्टित वस्तूंवर उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, किंमत, महिना व वर्ष छापणे बंधनकारक केले. पुढे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत रूढ झाली. किंमत कारखान्यात छापली गेल्यावर दुकानातील घासाघीस संपली व घासाघीस करणाऱ्याचे चातुर्यही. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २०११ मध्ये अंमलात आला आणि चिक्कीसारख्या घरगुती वळणाच्या धंद्यालाही परवाना क्रमांक, घटकद्रव्यांची यादी आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागू झाली. शेंगदाणा खवट आहे की नाही, हे मूठभर दाणे हुंगून सांगता येते. परंतु बुरशीपासून उद्भवणारे अफ्लाटॉक्सिन हे विष नाकाला कळत नाही. हुंगणाऱ्याची पारख येथे खरोखरच अपुरी ठरते, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्यातील एका नामांकित चिक्की-उत्पादकाचे उत्पादन तपासणीविषयक तरतुदींच्या पूर्ततेअभावी काही काळ थांबविले, तेव्हा या नव्या अपेक्षांची जाणीव सर्व पेठेला झाली. कढईपाशी बसणाऱ्याइतकेच महत्त्व आता नमुने, नोंदी व अहवाल सांभाळणाऱ्यास आले. हा माणूस बहुधा बाहेरून, पदवी घेऊन येतो.

तांदळाच्या व्यापारात हेच अधिक सावकाश घडले. मावळचा आंबेमोहोर वासावरून व दाण्यावरून ओळखणारे वाणी आणि त्यांच्याइतकीच पारख असलेली गिऱ्हाइके हे पुण्याच्या बाजाराचेही वैशिष्ट्य होते. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ व आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी हा वाण १९८७ मध्ये प्रसृत झाला व थोड्याच काळात मावळाने तो आपलासा केला. तो पोत्यांतून व छापील पिशव्यांतून ‘मावळचा इंद्रायणी’ म्हणून सर्वत्र विकला जातो. पिशवी शिवलेली असल्यामुळे विक्रेत्याला तांदूळ जुना की नवा, त्यात दुसऱ्या वाणाची भेसळ किती, हे सांगता येण्याची आवश्यकता उरत नाही. गिऱ्हाईक नावावर विश्वास ठेवते. जेथे शेतकरी स्वतः रस्त्याकडेला पोती मांडून तांदूळ विकतो, तेथे मात्र मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहण्याची रीत टिकून आहे.

प्लॅस्टिकने कागदी पुडा हटविला होता. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा कागद परत आला. पण दोऱ्याने पुडा बांधणारा हात पुष्कळ दुकानांत उरला नव्हता. सोडलेले साधन परत आणता येते, त्याच्याबरोबर सुटलेले कसब सहजी परत येत नाही, याचे हे लहानसे पण स्पष्ट उदाहरण होय.

यंत्रे : पाश्चात्त्य देशांत विक्रेत्याच्या कामाचे यांत्रिकीकरण बरेच आधी सुरू झाले. अमेरिकेतील डेटन येथे जेम्स रिटी याने १८७९ मध्ये गल्ल्याचे यंत्र सिद्ध केले, ते नोकरांकडून होणाऱ्या चोऱ्या रोखण्याच्या हेतूने. १९१६ मध्ये मेम्फिस येथे निघालेल्या ‘पिग्ली विग्ली’ या दुकानात गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलण्याची पद्धत सुरू झाली आणि विक्रेत्याचे निम्मे काम गिऱ्हाइकाकडे गेले. २६ जून १९७४ रोजी ओहायओ राज्यातील ट्रॉय गावी रेघांची संकेतपट्टी, म्हणजेच बारकोड, वाचून पहिली विक्री झाली. त्याच वर्षी हॅरी ब्रेव्हरमन या लेखकाने श्रमविभागणीवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की यंत्राबरोबर कामाची आखणी व्यवस्थापनाकडे जाते आणि कामगाराच्या हाती केवळ हालचाल उरते. किरकोळ विक्रीच्या बाबतीत हे मत बरेचसे खरे ठरले असले, तरी मावळासारख्या ठिकाणी मालक स्वतःच दुकानात राबत असल्याने ते जसेच्या तसे लावता येत नाही.

पाश्चात्त्य देशांत शतकभर चाललेले हे बदल मावळात दोन-तीन दशकांत आले. प्रथम आला तो विद्युत् काटा. आकडा दोन्ही बाजूंनी दिसत असल्यामुळे तागडीविषयीचा संशय मावळला व शिकाऊ पोऱ्यालाही पहिल्या दिवशी वजन करता येऊ लागले. त्यामागोमाग संगणकावरील बिले आली. त्यांना खरी चालना करांनी दिली : २००५ मधील मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांमुळे नोंदणीकृत दुकानाला प्रत्येक विक्रीची वर्गवारीनुसार नोंद व ठराविक मुदतीत विवरणपत्रे भरणे भाग पडले. दुकानदाराने लिहिलेली कीर्द आता त्याच्या स्वतःच्या समजुतीसाठी पुरते. शासनासाठीचा हिशेब वडगाव, तळेगाव किंवा पुण्यातील करसल्लागार करतो. गुमास्त्याची वही अशा प्रकारे दुकानाबाहेर गेली. महाराष्ट्रात दुकानांच्या नोंदणीला अद्यापही बोलीभाषेत ‘गुमास्ता परवाना’ म्हटले जाते, हा भाषेचा एक योगायोगच म्हणावयाचा.

या काळात गिऱ्हाइकाच्या वाटाही बदलल्या. पुणे–लोणावळा विद्युत् उपनगरी गाड्या १९७८ मध्ये सुरू झाल्या व मावळातील लोक मोठ्या खरेदीसाठी पिंपरी-चिंचवड आणि पुणे गाठू लागले. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर वाहनांचा मोठा प्रवाह जुन्या महामार्गावरील दुकानांना टाळून जाऊ लागला. त्या मार्गावरील भोजनगृहांच्या संकुलांत चिक्कीही विकली जाते. तेथील विक्रेता पगारी, गणवेशातील आणि पाळीने काम करणारा असतो. करवंदे, जांभळे, आळू यांसारखा रानमेवा टोपलीत घेऊन जुन्या रस्त्यावर बसणाऱ्या स्त्रियांना या बंदिस्त मार्गावर जागाच नाही. त्या जुन्या महामार्गावर आणि पर्यटनस्थळांच्या वाटांवर राहिल्या. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या केंद्रीय अधिनियमाने संरक्षण दिले असले, तरी ते नागरी क्षेत्रापुरते आहे आणि हंगामापुरत्या येणाऱ्या विक्रेतीला नोंदणीचे कागद जमविणे सोपे नसते.

गल्ला : देवघेवीच्या साधनांत सर्वांत वेगवान बदल २०१६ नंतर झाला. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय पेमेंट्स निगमाने यूपीआय ही प्रणाली सुरू केली आणि ८ नोव्हेंबरच्या निश्चलनीकरणाने रोकडटंचाई निर्माण होऊन तिच्याकडे वळणे अनेकांना भाग पडले. आता चिक्कीच्या मोठ्या दुकानापासून भुशी धरणाच्या वाटेवरील कणसांच्या गाडीपर्यंत सर्वत्र चौकोनी क्यूआर संकेत लावलेला दिसतो. याचा दुकानातील कामावर झालेला परिणाम वरकरणी दिसतो त्याहून खोल आहे. किराणा दुकानात गल्ल्यावर कोणी बसावयाचे, हा विश्वासाचा प्रश्न होता. मालक, त्याचा भाऊ किंवा मुलगा यांशिवाय तेथे कोणी बसत नसे व दीर्घ सेवेनंतर नोकराला गल्ल्यावर बसविणे ही बढतीच समजली जाई. फाटकी किंवा खोटी नोट ओळखणे, मोड राखून ठेवणे, सायंकाळी रोकड जुळविणे ही त्या जागेची कामे. पैसे थेट खात्यात जमा होऊ लागल्यावर मालक दुकान नोकरावर सोपवून जाऊ शकतो. त्याअर्थी नोकराची जबाबदारी वाढली. पण ज्या अनुभवाने तो पुढे स्वतःचे दुकान चालविण्यास लायक होई, तो पैशाच्या उलाढालीचा अनुभव त्याच्या हातून जाईनासा झाला. त्याला दिसते ती केवळ रक्कम पोहोचल्याची घोषणा.

रस्त्यावरील विक्रेतीच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा आहे. सुट्या पैशांची अडचण संपली आणि खात्यातील जमेच्या आधारे छोटे कर्ज मिळण्याची शक्यता निर्माण झाली, हे लाभ खरे आहेत. परंतु जेथे क्यूआर संकेत घरातील मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याशी जोडलेला असतो, तेथे दिवसाची कमाई संध्याकाळी तिच्या कनवटीला न येता दुसऱ्याच्या नावे जमा होते. टोपली विकून परत जाताना मीठमिरची घेण्याइतका जो अधिकार तिला होता, तोही मग मागून घ्यावा लागतो.

रास्त भाव दुकानांत यंत्राचा प्रवेश शासनामार्फत झाला. २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्रातील शिधावाटप दुकानांत बोटाचा ठसा घेणारी विक्रीयंत्रे बसविण्यात आली. शिधापत्रिकेवरील खाडाखोड व बनावट नावांवरील उचल यांना त्यामुळे आळा बसला. दुसरीकडे, भातलावणी व मजुरीने बोटांवरील रेषा झिजलेल्या माणसाचा ठसा न उमटणे आणि डोंगराआडच्या गावात संदेशवहनाची जोड न मिळणे, या दोन अडचणी यंत्रासोबतच आल्या. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला धान्य देण्याचा किंवा नाकारण्याचा निर्णय दुकानदाराला करावा लागतो. यंत्र चालविण्याचे प्रशिक्षण त्याला मिळाले. हा निर्णय कसा करावा, याचे प्रशिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

नव्या नोकऱ्यांसाठी लागणारे शिक्षण दुकानाबाहेर घ्यावे लागते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा (स्थापना २००१) एम.एस.-सी.आय.टी. हा संगणक साक्षरतेचा पाठ्यक्रम तालुक्यातील असंख्य तरुणांनी पूर्ण केला. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यानुसार रोखपाल, विक्री सहायक वगैरे किरकोळ विक्रीतील कामांचीही श्रेणीवार अर्हता ठरविण्यात आली आहे. या शिक्षणाने एक जुना अडसर दूर केला, ही त्याची जमेची बाजू मोठी आहे : जात व नाते यांच्या आधाराशिवाय नाणे मावळातील मुलगी पिंपरी-चिंचवडमधील दुकानाच्या बिलखिडकीवर बसू शकते. पूर्वीच्या पेठेत हे अशक्य होते. परंतु बिलखिडकीचे काम काही दिवसांत शिकता येते आणि तितक्याच सहजतेने दुसऱ्या कोणालाही शिकविता येते. त्यामुळे अनुभवाने वेतन फारसे वाढत नाही. तिच्या वरच्या जागा, म्हणजे मालाची मागणी आखणे, साठ्याचा ताळमेळ घालणे, शाखा सांभाळणे, यांसाठी पदवी व इंग्रजीचे ज्ञान अपेक्षिले जाते. जुन्या जिन्याच्या पायऱ्या अरुंद होत्या. नव्या जिन्याच्या मधल्या पायऱ्याच विरळ आहेत. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकाने आठवड्याचे सर्व दिवस व चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली, परंतु त्यातील सेवाशर्तींच्या मुख्य तरतुदी त्या वेळी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या ठेवण्यात आल्या. मावळातील बहुतेक दुकाने त्याहून लहान होती.

चाकण–तळेगाव पट्ट्यात अलीकडे उभ्या राहिलेल्या गोदामांमुळे किरकोळ विक्रीतील श्रमाचा एक भाग दुकानातून निघून तेथे व दुचाकीवर गेला आहे. गोदामात माल शोधून काढणाऱ्याला हातातील यंत्र पुढची फळी दाखविते, घरपोच देणाऱ्याला नकाशा रस्ता दाखवितो. गिऱ्हाइकाशी बोलण्याचा प्रसंग एकाला कधीच येत नाही, दुसऱ्याला दारातील क्षणभर येतो.

दऱ्यांमधील गावांच्या छोट्या दुकानांत मात्र उधारीची वही अजून चालते. शेतकऱ्याच्या हाती पैसा भात विकल्यावर येतो, मजुराच्या हाती आठवड्याने. मधल्या दिवसांचे तेल-मीठ उधारीवर जाते. कोणाला किती द्यावे, कोणाच्या घरी दुखणे आहे म्हणून मागू नये, कोणाला आणखी दिले तर परत येणार नाही, हे ज्ञान दुकानदाराच्या डोक्यात असते व त्याच्या मुलाला ते ऐकून ऐकून येते. २०१८ नंतर ही उधारी भ्रमणध्वनीवर नोंदविण्याची उपयोजने प्रचारात आली. त्यांत बाकी आपोआप मांडली जाते आणि मुदत भरताच गिऱ्हाइकाला तगाद्याचा संदेश पाठविता येतो. काही तरुण दुकानदारांनी नोंदीपुरते हे साधन स्वीकारले, पण संदेश मात्र बंद ठेवला. भाताची झोडणी आटोपेपर्यंत मागावयाचे नसते, हे त्यांना ठाऊक आहे.